घासून लख्ख केलेला रांजण

आमचं गाव ऐतिहासिक आहे, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. तोवर आम्ही त्याला नुसतं जुनं समजत होतो. मग वेशीवर पाटी लागली, सगळ्या भिंती एकाच पिवळ्या रंगाच्या झाल्या, आणि वारसा समितीचे साहेब आमच्या रंगशाळेत वरचेवर डोकावू लागले.

सासरे कापडाचे रंगारी, आणि आता मीही. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला आमचा निळीचा रांजण दोनशे वर्षांत कधी रिकामा झाला नव्हता. दह्याला विरजण लागतं तसंच हे, जुन्यातच नवी नीळ, कोंडा, चुना घालायचा. सासरे रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावत आणि सांगत, "आज भूक लागलीय गं त्याला." वास म्हणाल, तर नवखा माणूस दारातूनच परत फिरेल.

वारसा-गावाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगशाळा उघडीच ठेवून मी सासऱ्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं. परत येतो तर रांजण उपसलेला, साबणाने घासलेला, आणि आत पुडीतला निळा रंग कालवलेलं पाणी!

"काय घाण वास होता, ताई!" साहेब कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "तीन माणसं राबली सकाळपासून."

सासऱ्यांनी बोट बुडवलं, चाखलं आणि ते थुंकले. "मेला," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोनशे वर्षांचं जे होतं, ते तुम्ही गटारात ओतलंत!"

"अहो, रांजण तोच आहे ना? साधा चरासुद्धा पडू दिला नाही."

"रांजण कुंभार उद्या नवा देईल हो! आतलं कोण देणार?"

साहेबांना खरंच कळेना. शिकल्या-सवरलेल्या माणसाला इतकं कळू नये, याचाच मला जास्त संताप आला. उद्या पाहुण्यांसमोर कापड बुडवून दाखवा म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच बुडवा, आणि रंगशाळेची किल्ली त्यांच्या हातावर आपटली.

दुसऱ्या दिवशी गावात टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी रिकामी घागर घेऊन नणंदेच्या दारात होते. तिला रंगाऱ्याच्या घरी दिली, तेव्हा सासऱ्यांनी याच रांजणातलं घागरभर सोबत दिलं होतं. तिने तिथे ते वीस वर्षं जगवलंय.

सगळं ऐकून तिने पदराने डोळे टिपले आणि घागर काठोकाठ भरली.

"हवं तेवढं ने, वहिनी," ती म्हणाली. "फक्त त्या साहेबांना आमच्या गावाचा पत्ता देऊ नकोस."