धूर गिळणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि खरे सांगायचे तर फार थकलो आहे. एके काळी माझ्यात तेल असायचे. मग मातीची भांडी घडवणाऱ्या एका बाईंनी मला आणले. त्यांना सगळे मावशी म्हणतात. हाताखाली काम शिकणारी मुलगी तर त्यांची सख्खी भाचीच.

मावशी राकू पद्धतीने भांडी भाजतात. भट्टीतून लालबुंद भांडे सांडशीने उचलायचे आणि भुसा भरलेल्या माझ्या पोटात ठेवायचे. भुसा भडकतो, वर झाकण बसते आणि मी मुकाट धूर गिळत राहतो. हवा आत शिरली नाही, तरच भांड्यावरच्या लेपातले तांबे लालसर झळकते. बघणारे भांड्याचे कौतुक करत, भट्टीचेही करत. माझ्या वाट्याला चटके आणि काजळी. मावशी मात्र कौतुकाने 'आमचा डबा' म्हणत आणि तेवढ्यावर मी वर्षे काढली.

शेवटी आगीने माझी कड वाकवली. झाकण समोरून घट्ट दिसे, पण मागच्या फटीतून हवा आत येऊ लागली. भांडी मळकट हिरवी निघू लागली. मावशींनी दोष दिला तो स्वतःच्या डोळ्यांना. भांडे नेमके कधी उचलायचे ते आता आपल्याला दिसत नाही, असे म्हणत त्यांनी भट्टी मोडायचे ठरवले. डबा बदलून पाहू, असे भाचीने सुचवले, तर त्यांनी तिलाच गप्प केले.

"त्याला नावं ठेवू नकोस. इतकी वर्षं आग सोसलीय त्यानं."

ती माया मला चटक्यांहून जास्त झोंबली. माझे तोंड एवढे मोठे, पण बोलायची सोय नाही.

शेवटच्या भाजणीला भाचीने हट्टाने एक नवा डबा आणून ठेवला. मावशींनी दोन भांडी उचलली. एक माझ्यात ठेवले, दुसरे त्याच्यात. झाकणे निघाली तेव्हा माझे भांडे नेहमीसारखे मळकट होते. दुसरे घासलेल्या घागरीसारखे लखलखत होते. मावशी बराच वेळ ते हातात फिरवत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे डोळे शाबूत आहेत माझे," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "म्हातारा तू झालायस."

मला इतके हलके कधीच वाटले नव्हते. भट्टी मोडायची राहिली.

मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण मोडीत कुणी जायचेच असेल, तर ते वस्तूने जावे, माणसाने नव्हे. आणि कृपा करून मला रंगवून कुंडी करू नका. दमलो आहे, जाऊ द्या.