दोन व्याही, शंभर किलोमीटर

जावयाचा पाय बाथरूममध्ये घसरला आणि त्याची फळं दोन्हीकडच्या बापांना भोगावी लागली.

जावई आणि लेक यांनी मिळून शंभर किलोमीटरच्या सायकलफेरीत नावं घातली होती. चार महिने तयारी चालली होती. आणि फेरीला सहा आठवडे उरले असताना जावयाने साबणावर पाय ठेवला. घोटा असा मुरगळला की डॉक्टरांनी दोन महिने सायकलीकडे बघूही नका म्हणून सांगितलं. नवऱ्याला घरी लंगडत ठेवून एकटीने जायचं लेकीच्या जिवावर आलं.

त्या रविवारी दोन्हीकडचे आईबाप लेकीकडे जेवायला जमले होते. लेकीचे वडील चष्म्याच्या दुकानाचे मालक. गेली तीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत आले होते, त्यामुळे गावात सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. जावयाचे वडील भूगोलाचे शिक्षक. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सगळ्यांचे सरच.

"दोन जागा वाया जाणार," लेक भात वाढत म्हणाली.

"वय असतं तर मीच गेलो असतो," सर म्हणाले.

हे वाक्य नुसतं म्हणायचं असतं. त्यावर काय उत्तर द्यायचं हेही ठरलेलं असतं. चष्मेवाल्यांनी ते दिलं. "वयाचं काय घेऊन बसलात, सर? तुम्ही आजही पोरांना मागे टाकाल."

"एकट्याने जाण्यात काय गंमत? तुम्ही येत असाल तर बोला."

"तुम्ही निघालात तर मी आलोच म्हणून समजा."

इथे दोघांपैकी एकाने हसायचं आणि विषय बदलायचा, असा रिवाज होता. दोघंही दुसऱ्याच्या हसण्याची वाट बघत राहिले. तेवढ्यात जावयाने टेबलाखाली फोनवर काहीतरी खुडबुड केली आणि मान वर करून म्हणाला, "झालं. तुम्हा दोघांची नावं टाकली."

घरी येताना चष्मेवाल्यांच्या बायकोने विचारलं, "तुम्ही शेवटची सायकल कधी चालवलीत?"

"सायकल माणूस विसरत नाही."

"माणूस नाही विसरत. गुडघे विसरतात."

पण आता माघार घ्यायची कशी? व्याह्यांचं नातंच तसं. चार वर्षांत दोघांमध्ये एकही वाकडा शब्द गेला नव्हता. खरं सांगायचं तर एकही सरळ शब्दही गेला नव्हता. 'तुम्ही आधी घ्या', 'छे छे, तुम्ही घ्या', 'वा, काय छान माहिती सांगितलीत', एवढ्यावर संसार चालला होता. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला 'मला जमणार नाही' म्हणायचं, हे चष्मेवाल्यांना जमणार नव्हतं.

सरावाला सुरुवात झाली. पहाटे उठून चष्मेवाले पुलापर्यंत जाऊन यायचे. संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, तिकडे सर रोज वीस किलोमीटर मारतायत म्हणे." दुसऱ्या दिवशी चष्मेवाले पुलापलीकडे गेले. त्याची बातमी जावयाकडून सरांकडे पोचली ती पंचवीस होऊन. असं करत करत पाचव्या आठवड्यात दोघांचे आकडे पन्नासाला टेकले. चष्मेवाल्यांचे पाय मात्र पंधरा-सोळाच्या पुढे गेले नव्हते. दुकानात चष्मेवाल्यांना उंच स्टुलावर बसवेना. गिऱ्हाइकांचे डोळे ते उभ्यानेच तपासू लागले.

फेरीच्या दिवशी सकाळी सहाला चारशे सायकली एका मैदानात उभ्या होत्या. संयोजकांनी भोंग्यावरून नियम सांगितले. आठ तासांत परत यायचं. वाटेत चार थांबे, प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का. सगळ्यांच्या मागून एक गाडी येईल, ज्यांना झेपणार नाही त्यांनी निमूटपणे तिच्यात बसायचं. आणि आज ऊन फार आहे, तेव्हा पाणी पीत राहा.

चष्मेवाल्यांनी जावयाची सायकलची चड्डी घातली होती. तिला बसायच्या जागी गादी शिवलेली असते. जावयाची चड्डी घालून व्याह्यांपुढे यायचं त्यांच्या मनाला पटेना, म्हणून वरून रोजची दुकानात घालायची पँट चढवली होती. आतली गादी आणि वरची पँट मिळून ते मागून एखाद्या बदकासारखे दिसत होते. सर आले ते शर्टाच्या खिशात नकाशा खोचून.

"तब्येत कशी आहे, व्याही?"

"उत्तम. तुमची?"

"उत्तम."

दोघंही रात्रभर झोपले नव्हते.

शिट्टी झाली. दहा मिनिटांत तीनशे अठ्ठ्याण्णव सायकली दिसेनाशा झाल्या आणि रस्ता या दोघांना मोकळा मिळाला. पुढे कोणी व्हायचं हा प्रश्न सुटेना. चष्मेवाले म्हणत, सर, तुम्ही पुढे. सर म्हणत, छे, तुम्ही. शेवटी दोघं शेजारी शेजारी चालवू लागले आणि मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून जीव काढू लागले.

पहिले तीस किलोमीटर सर बोलत होते. हा खडक कुठला, ती टेकडी अशी का झिजली, वारा या बाजूने का येतो. चष्मेवाले "वा" म्हणत होते. चाळिसाव्या किलोमीटरला त्यांचं "वा" निम्मं झालं. नऊ वाजून गेले होते आणि डांबर तापून काळं चकचकीत दिसू लागलं होतं. हेल्मेटच्या फटींतून डोक्यावर कोणी कोळसे ठेवतंय असं वाटत होतं.

"सर, समोर चढ आहे का?"

"नाही. तो दृष्टिभ्रम आहे. नकाशाप्रमाणे इथे जमीन सपाट आहे."

हे नकाशाने चष्मेवाल्यांच्या मांड्यांना कळवलेलं नसावं.

पन्नासाव्या किलोमीटरला मांडव होता. मांडवात सावली, केळी, सरबत आणि चार गुबगुबीत खुर्च्या. शिक्का मारणाऱ्या मुलीने दोघांचे चेहरे बघितले आणि विचारलं, "थोडं बसता का?"

चष्मेवाल्यांनी खुर्चीकडे बघितलं. तिच्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने लग्नानंतर कशाकडेही बघितलं नव्हतं. मग ते म्हणाले, "सरांना बसायचं असेल तर बसू."

"मला नाही," सर म्हणाले. "व्याह्यांना हवं असेल तर थांबतो मी."

"माझ्यासाठी नको."

"मग निघू या."

आणि दोघं निघाले. मुलगी केळं हातात धरून बघत राहिली.

साठाव्या किलोमीटरनंतर सर गप्प झाले. हे चष्मेवाल्यांना उन्हापेक्षा भयंकर वाटलं. सर गप्प झालेले त्यांनी लेकीच्या लग्नातही पाहिले नव्हते. वाऱ्याचा मागमूस नव्हता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आपण इथे पडलो तर दुकानाची किल्ली बायकोला सापडेल का, असा विचार त्यांच्या डोक्यात घोळू लागला.

एवढ्यात सर थांबले. "व्याही, चेन उतरली," ते म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. "आता काही इलाज नाही. दुरुस्तीला माणूस यायला वेळ लागणार."

चष्म्याच्या मुंगीएवढ्या स्क्रूंशी तीस वर्षं खेळलेला माणूस तो. चष्मेवाले खाली वाकले, दोन बोटांनी चेन उचलली, पेडल उलटं फिरवलं. खट्. "झालं, सर."

सरांचा चेहरा पडला. "इतक्या लवकर?"

चष्मेवाले वाकलेलेच राहिले, कारण उठता येत नव्हतं. तिथूनच त्यांनी वर बघितलं. सरांचे ओठ पांढरे पडले होते.

"सर, तुम्हाला थांबायचं होतं का?"

सरांनी हेल्मेट काढलं. मग म्हणाले, "चाळिसाव्या किलोमीटरपासून मी काहीतरी मोडायची वाट बघतोय."

जवळच एक बसथांबा होता. पत्र्याचं छप्पर, लोखंडी कठडा आणि सिमेंटचं बाक. दोघांनी एकमेकांच्या आधाराने तिथपर्यंत सायकली आणल्या. चष्मेवाल्यांना बसता आलं नाही, ते बाकावर पालथे पडले. सर उताणे पडले.

"त्या दिवशी जेवताना," चष्मेवाले सिमेंटशी बोलल्यासारखे म्हणाले, "तुम्ही खरंच यायला तयार होता?"

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

"मला वाटलं, तुम्ही."

छपरावरचा पत्रा उन्हाने टकटक वाजत होता.

"आणि ते रोजचे पन्नास किलोमीटर?"

"एकदा अकरा गेलो," सर म्हणाले. "परत येताना सायकल टेम्पोत टाकून आणली."

चष्मेवाल्यांना हसू फुटलं. हसताना बरगड्या दुखल्या म्हणून ते कण्हले, आणि ते कण्हणं ऐकून सर हसू लागले. हसण्याने धीर आला असावा, कारण सर उठून बसले आणि म्हणाले, "आता बोलतोच आहोत तर एक सांगतो. तुम्ही लग्नात मला दिलेला हा चष्मा. चार वर्षं उजव्या कानामागे टोचतोय. तुमची गाठ पडायची असली की तेवढ्यापुरता घालतो."

"चार वर्षं? अहो, माझं दुकान आहे चष्म्याचं."

"म्हणूनच तर. मुलीच्या वडिलांनी प्रेमाने दिलेली वस्तू. टोचते म्हणून कसं सांगायचं?"

चष्मेवाल्यांनी हात पुढे केला. चष्मा घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला. काडी खरंच वाकडी होती. ती सरळ करायला आधी तापवावी लागते. दुकानात त्यासाठी यंत्र होतं, इथे कठडा होता. कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. त्यांनी काडी त्यावर टेकवली, मनाशी चाळीसपर्यंत मोजलं आणि अंगठ्याने हलकेच दाबून काडीला हवा तसा बाक दिला. सरांनी चष्मा घातला. मान हलवून बघितली. इकडे तिकडे बघितलं.

"टोचत नाही," ते हळूच म्हणाले, जणू कोणी ऐकेल आणि पुन्हा टोचायला लावेल.

"आता माझं ऐका," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही जेवताना वाऱ्यांच्या दिशा सांगता ना, तेव्हा झोप लागू नये म्हणून मी मांडीला चिमटे काढतो."

सरांनी चष्मा वर सरकवला. "प्रत्येक वेळी?"

"समुद्राच्या वाऱ्यांना फार लागतात."

मग दोघांनी एकमताने ठरवलं की पुरे झालं. मागची गाडी येईल, तिच्यात बसायचं आणि ज्याला काय म्हणायचं ते म्हणू द्यायचं. अर्ध्या तासाने गाडी आली. चालवणाऱ्या बाईंनी काच अर्धी खाली केली. आत मागच्या थांब्यांवरून उचललेली चार धट्टीकट्टी पोरं डोक्यावर ओले पंचे घेऊन माना टाकून बसली होती. टपावर सायकलींचा ढीग होता.

"आम्ही सोडतोय," सर म्हणाले. "अधिकृतपणे."

"सोडा की, काका. पण जागा नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"ही मुलं सोडून मी परत येते. दोन-अडीच तास लागतील. नाहीतर हळूहळू निघा. फार तर तीस किलोमीटर राहिलेत आणि नदीपासून पुढे उतारच आहे." त्यांनी बर्फाची एक पिशवी आणि पाण्याच्या चार बाटल्या बाहेर दिल्या. "तुम्ही दोघं या पोरांपेक्षा बरे दिसताय."

गाडी गेली. हार मानायलासुद्धा रांग होती.

नाइलाजाने निघाले. पण आता फेरीची तऱ्हाच बदलली. सर म्हणायचे, "मला थांबायचंय," आणि थांबायचे. चष्मेवाले म्हणायचे, "मी उतरून चालणार," आणि चालायचे. रुमालात बर्फ बांधून दोघांनी मानेवर ठेवला होता. चष्मेवाल्यांनी एका झाडामागे जाऊन वरची पँट काढून टाकली आणि जावयाच्या चड्डीवर उघडपणे पुढची वाट धरली. सरांनी बघितलं आणि "बरी दिसत नाही" एवढंच म्हणाले. नदीवर पाय पाण्यात सोडून दोघं पाऊण तास बसले. तिथे सरांनी नदीला वळण का पडतं ते सांगायला सुरुवात केली. चष्मेवाले म्हणाले, "सर, आज नको." सर थांबले. राग आला नाही. उलट एक केळं सोलून त्यांनी अर्धं पुढे केलं.

सव्वाचार वाजता ते मैदानात पोचले. हवा भरलेली मोठी कमान आता जमिनीवर लोळत होती आणि एक माणूस तिची घडी घालत होता. त्याने घडी थांबवली, दोघं कमानीच्या एका टोकावरून सायकली ढकलत आत आले. लेक खुर्चीवर बसून डुलक्या घेत होती. जावई काठी टेकत धावत आला, म्हणजे जमेल तेवढा.

"बाबा, फोन का नाही उचललात?"

"बोलत होतो," सर म्हणाले.

संयोजकांनी खोक्यात हात घातला. "वेळ संपली की पदक द्यायचं नाही असा नियम आहे. पण तुम्ही एवढ्या उन्हात आलात. एकच उरलंय. कोणाला देऊ?"

लेकीने वडिलांकडे बघितलं. आता काय होणार ते तिला पाठ होतं.

"मला द्या," सर म्हणाले. "मला हवंय."

चष्मेवाले क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "मलाही हवंय."

संयोजकांनी दोघांकडे बघितलं, खोकं उलटं केलं, झटकलं. तळाशी पन्नास किलोमीटरवाल्यांचं एक पदक चिकटलं होतं. चष्मेवाल्यांनी ते घेतलं, गळ्यात घातलं आणि सरांच्या पदकाशेजारी धरून बघितलं. सरांचं मोठं होतं. त्याचं थोडं वाईट वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

गुरुवारी दुकानात फोन वाजला. एक आजोबा समोर बसून तिसरी ओळ वाचत होते.

"व्याही, रविवारी मी पोरांकडे जेवायला येत नाहीये," सर म्हणाले. "अजून बसताच येत नाही."

"बरं झालं. मी पण नाही येत."

"मग ठेवू?"

"ठेवा."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला आणि उभ्या उभ्याच आजोबांना चौथी ओळ वाचायला सांगितली.