निकिताची इंटरनॅशनल शाळा

राहाता गावातल्या काकासाहेबांच्या शाळेच्या गेटावर सिमेंटचा पृथ्वीगोल आहे. त्यावर भारत एवढा मोठा काढलाय की आफ्रिकेला जागाच उरलेली नाही. तरी शाळा इंटरनॅशनल.

हे काकासाहेब माझे चुलत सासरे. रविवारी सकाळी त्यांनी पेरूच्या बागेतून गाडी थेट आमच्या ओट्यापर्यंत आणली आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं, "निकिताचं ॲडमिशन झालं. हॉस्टेलसकट."

मुलगी माझी, सात वर्षांची, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. माझा नवरा वैजनाथ मस्कतला नोकरीला आहे. कंपनीने आत्ता कुठे बायको आणि मुलीचा व्हिसा दिला होता. तिथली कुठली शाळा घ्यायची यावर आमचं फोनवर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात हे मध्ये तडमडले.

"मामा, तिला आम्ही मस्कतला नेतोय," मी म्हणाले.

"अगं, तू शिकलेली ना? इंटरनॅशनल शाळा कुणासाठी असती? ज्यांचे आईबाप परदेशात, त्यांच्या पोरांसाठी. आता तुमी मस्कतला आन् पोरगी राहात्याला. झाली का न्हाई इंटरनॅशनल?"

मला हसू यायला हवं होतं. पण त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. एकही परदेशातलं पोर नाही म्हणून लोक त्यांची शाळा चेष्टेवारी नेत, आणि आता निकिता त्यांची पहिली परदेशस्थ विद्यार्थिनी ठरणार होती. तिच्या फोटोचा फ्लेक्स स्टँडसमोर लागलासुद्धा होता.

सासूबाई अर्थातच दिराच्या बाजूने. "पोरीची फरफट कशाला? तू जा, नवऱ्याचं कर. आमी हाय की हितं. तुला आपली बिऱ्हाड पाठीवर टाकायची सवय."

हा टोमणा कशाचा ते मला कळतं. माझे आईबाप पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या घरात भांडण मिठावरून सुरू होवो नाहीतर मुलीवरून, शेवटी माझ्या बापाच्या कोयत्यावरच येतं.

"व्हय, हाय सवय," मी म्हणाले. चिडले की माझ्या तोंडात माहेर येतं. "आत्याबाई, आमच्याकडं दोन परकारच्या शाळा. एक साखरशाळा. ती कारखान्यावर, आईच्या पाचटाच्या कोपीशेजारी. दुसरं हंगामी वसतिगृह. आईबाप टोळीबरूबर गेले की मागं ऱ्हायलेली पोरं गावात तिथं ठेवायची. मी तिथं हुते. खिचडी चांगली मिळायची. पर आई दिवाळीला जायची ती गुढीपाडवा उलटल्यावर यायची, आन् मी तिला वळखतच न्हाई असं सोंग करायचे. मुद्दाम, तिला रडवायला." मग मी काकासाहेबांकडे वळले. "मामा, तुमची शाळा इंटरनॅशनल न्हाई. हंगामी वसतिगृह हाय ते. फकस्त गेटावर गोळा बसवलाय."

काकासाहेबांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. "मला ऊसतोड्यांच्या पंगतीला बसवती? लाव वैजनाथला फोन. त्यालाच इचारतो, घरात चालतं कुणाचं."

मी फोन लावला. पडद्यावर वैजनाथ आला, मागे कंपनीच्या खोलीतली दुमजली कॉट. काकासाहेबांनी त्याला तिथलं ऊन, परकी भाषा, घराण्याची अब्रू असं सगळं ऐकवलं. फ्लेक्सचाही खर्च ऐकवला. वैजनाथ सज्जन माणूस आहे, आणि मला नेमका त्याचाच राग येतो.

"काका म्हणत्यात तर एक वरीस ठिवून बघू, सविता," तो म्हणाला.

फोन भिंतीवर आपटावा असं मला वाटलं. ज्या माणसाकडे जायला मी नऊ महिने पासपोर्ट उशाशी घेऊन झोपत होते, त्याला मुलगी वर्षभर बाजूला ठेवता येत होती. पोटची पोर म्हणजे काय पेरूची पेटी, उद्या भाव आला की उचलू?

तेवढ्यात निकिता आतून आली. बापाशी रोज बोलायचं म्हणून फोनची राखण तीच करते. तिने पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं आणि नेहमीसारखं जोरात सांगितलं, "आई, पप्पा दोनच टक्के राहिलेत!"

कुणी हसलं नाही. निकिताला तर त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. वैजनाथ तिच्याकडे बघत राहिला.

"घिऊन ये तिला," तो म्हणाला. "शाळा कुठली ते हितं आल्यावर तिघं मिळून बघू."

पडदा काळा झाला.

"चार्जिंगला लाव!" काकासाहेब उठून उभे राहिले. "माझं बोलणं व्हायचंय अजून. त्याला कळतंय का तो काय बोलला ते? लाव म्हणतो ना!"

चार्जर माझ्या पाठीमागे खुंटीलाच लटकत होता. सासूबाईंनी तो पाहिला, काकासाहेबांनीही पाहिला.

"लाइट न्हाई," मी म्हणाले.

आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.