डुफीमावशीची जीभ

“बघा! रात्री माणसं खाल्ली, आता तोंडावर आलं!”

प्रेषित बोआतेंग माइकवर गरजला आणि तेचिमान गावाच्या बाजारामागच्या पत्र्याच्या चर्चमध्ये एकच कल्ला उठला. मध्यभागी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणारी डुफीमावशी बसली होती. ओठ टम्म फुगलेले, जीभ तोंडात मावेना. याआधी दोनदा तिचे ओठ सुजले होते. दोन्ही वेळा प्रेषितानं तेल चोळलं, दोन दिवसांत सूज उतरली, आणि त्याची कीर्ती वाढली. आज सूज उतरेना, तेव्हा मावशीच चेटकीण ठरली.

“कबूल कर!” तो ओरडला. जिला थुंकी गिळता येत नव्हती, तिनं म्हणे भाषण करायचं! आम्हीही “कबूल कर” ओरडत होतो.

तिची मुलगी सेर्वा धावत जाऊन डॉक्टर न्यामेक्येबाईंना घेऊन आली.

“बाई, हे सुईचं काम नव्हे,” प्रेषित म्हणाला. “सैतान चिवट आहे.”

“सैतान असेल चिवट. हिचा घसा नाही. व्हा बाजूला!”

दवाखान्यात तिला रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, चढवला. मावशी वाचली. पुढच्या रविवारी बाई तिला घेऊन चर्चमध्येच आल्या.

“शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा प्रथिनाचा बारीक तुकडा तयार होतो,” त्या म्हणाल्या. “मार लागला की तो रक्तवाहिन्या सैल करतो, पाणी बाहेर झिरपतं, सूज येते. काम झालं की शरीर त्याला मोडून टाकतं. मावशींची रक्तदाबाची गोळी हे मोडणंच अडवते. दुसऱ्याच्या प्लाझ्मात ते मोडणारं द्रव्य असतं, म्हणून तो चढवला. बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांचं तोंड सुजतं.”

“मग आधी तेलानं उतरली ती?” मागून एक बाई म्हणाली.

“तेल नसतं तरी उतरली असती. झिरपलेलं पाणी आपोआप जिरतं.”

“पण माझी प्रार्थना...” प्रेषित घुटमळला.

“गोळी बदलली,” डुफीमावशी उभी राहिली. “सूज गेली. पण बाजारात माझ्या केंकीला कुणी हात लावत नाही. तू मला चेटकीण म्हणालास, ते कोणत्या तेलानं उतरवतोस, सांग!”

प्रेषिताला त्या क्षणी तहान लागली. तो पाणी प्यायला गेला, तो परतलाच नाही.

म्हणून आम्ही सांगतो, बायाबापड्यांनो, कुणाचं तोंड सुजलं तर भुतं शोधू नका. कोणती गोळी चालू आहे ते विचारा आणि तडक दवाखाना गाठा. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि शेजारणीला चेटकीण म्हणण्याआधी एकदा तरी स्वतःचं डोकं वापरा.