चौथे प्रकरण

सहीसाठी सोडलेली जागा साडेसहा सेंटिमीटर होती. तिने ती मोजली नव्हती. बावीस वर्षे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढल्यावर डोळ्याचीच पट्टी होते. रेघेखाली 'मार्गदर्शक' असे छापले होते. रेघेवर काहीच नव्हते.

प्रबंधाचे नाव होते 'आधुनिक फ्रेंच साहित्यातील काळ आणि अवकाश'. नोंदणीची शेवटची मुदतवाढ आज पाचला संपत होती. सही झाली तर प्रबंध जमा, नाही तर नऊ वर्षे पाण्यात.

"मोजपट्टीताई, खिडकी पाचला बंद होते हां," दाराशी बसलेला विभागाचा कारकून म्हणाला. हे नाव त्यानेच पाडले होते, आणि मग भीड वाटून पुढे 'ताई' जोडले होते. "पाचावर एक मिनिट झालं की मी कुणाला ओळखत नाही. बायकोलासुद्धा."

"वहिनींना पण खिडकीतूनच भेटता का?"

"करा चेष्टा. आधी आत जा. चहा झालाय सरांचा, आत्ता बरे असतील."

तिचे मार्गदर्शक असलेले सर तसे नेहमीच बरे असत. एके वर्षी प्रयोगशाळेत प्रकाश मोजायचे एक यंत्र आले होते. त्याची माहितीपुस्तिका फक्त फ्रेंचमध्ये, म्हणून कुणी हात लावीना. तिने संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग धरला, तो सरांचा. यंत्र तीन महिन्यांत सुरू झाले. पुढे ते मोडीत निघाले, पण भाषा काही सुटली नाही. एम. ए. करा म्हणून मागे लागले तेही सरच.

"बसा," सर म्हणाले. "काढलंत का चौथं प्रकरण?"

"नाही सर."

"अहो, बाकीच्या पाच प्रकरणांत बोट ठेवायला जागा नाही. मग ह्या एकाचा हट्ट कशाला? तळटीप सत्तावीस वाचा बघू. मोठ्यानं."

तिने पान उघडले. "'सासूबाई, वय ब्याऐंशी. घरातील संभाषण.'"

"सासूबाई संदर्भग्रंथ आहेत का?"

"नाही सर."

"मग परीक्षकांना मी काय सांगू? ग्रंथालयात मिळत नाहीत, घरी जाऊन बघा?"

तिला हसू आले आणि तिने ते गिळले.

या प्रकरणाचे मूळ एका चुकीत होते. पहिल्याच वर्षी तिने एका कादंबरीतला उतारा भाषांतरित केला होता. खोलीत दोन पलंग, मध्ये थोडी मोकळी जागा. तिने लिहिले, 'दोन पलंगांमध्ये थोडा अवकाश होता.' सरांनी लाल शाईने विचारले, 'जागा की वेळ? एक काय ते ठरवा.'

ती ठरवायला बसली, आणि ठरेना. पुस्तकात अवकाश म्हणजे जागा. पण घरात, रस्त्यावर, सगळे म्हणत, 'गाडीला अजून अवकाश आहे.' तिथे तो शब्द वेळ होता. एकाच यंत्राने दोन नोंदी दिल्या, तर आवडती ठेवून दुसरी खोडायची नसते, यंत्र तपासायचे असते. तिने शब्द तपासला. मग त्या फ्रेंच कादंबऱ्या तिला वेगळ्या दिसू लागल्या. कुणी एक बोळ ओलांडतो आणि तेवढ्यात चाळीस वर्षे जातात. कुणी खोलीत वाट बघत बसते, आणि पुढेपुढे ती खोलीच वाट बघू लागते. काळ आणि जागा एकत्र बांधायला ते लेखक पानेच्या पाने खर्ची घालत होते. तिच्या भाषेत ती गाठ आधीच बसलेली होती, आणि लोक ती रोज बोलत होते.

सासूबाईंच्या आजारात ती त्यांच्या पलंगाशी कागद मांडीवर घेऊन बसे. वाक्य लिहायची, मान वर करून श्वास बघायची, पुन्हा लिहायची. एका दुपारी सासूबाई खेकसल्या, "अगं, माझ्याकडं काय टकामका बघतेस? जायला मला अजून अवकाश आहे. सरक तिकडं, लिही तुझं." ती खिडकीपाशी सरकली आणि अंधार पडेपर्यंत लिहीत राहिली. निरीक्षण त्याच दिवशी नोंदवायचे, ही जुनी सवय. वाक्य तारखेसकट वहीत गेले. अकराव्या दिवशी सासूबाई गेल्या. त्यांनी वेळ दिला होता की जागा, हे तिला आजही सांगता आले नसते. दोन्ही मिळाले होते, एवढे खरे.

त्याला चार वर्षे झाली. चार वर्षे सर 'काढा' म्हणत आणि ती 'बघते सर' म्हणे.

"हे बघा," सरांचा आवाज खाली आला. "महिनाअखेर मी निवृत्त होतोय. माझ्या हातचा हा शेवटचा प्रबंध. त्याचं हसं झालेलं मला बघवणार नाही. तुमचंही. ती पानं काढा, मी आत्ता सही करतो."

तिची पिशवी खुर्चीवरून कलली आणि आतल्या दुसऱ्या प्रतीचा कोपरा बाहेर आला. चौथे प्रकरण वगळून बांधलेली ती प्रत नवऱ्याने सकाळी पिशवीत कोंबली होती. "असू दे गं. भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा दारानं गेलेलं बरं."

सरांनी ती पाहिली. "म्हणजे तयारी आहे की! द्या इकडं. उगाच माझा जीव टांगणीला लावलात."

त्यांनी पेनचे टोपण काढले. तिने प्रत बाहेर घेतली. एक्केचाळीस पाने कमी. जाडीत चार मिलिमीटरचा फरक. दुसऱ्याच्या डोळ्याला कळला नसता, तिच्या हाताला कळत होता. आतले आकडे नीट बदललेले होते. तिसऱ्या प्रकरणानंतर चौथे येत होते, कुठे फट दिसत नव्हती. कुणालाही कधी कळले नसते.

बाहेरून कारकुनाची हाक आली, "ताई, वीस मिनिटं!"

"आज 'बघते' म्हणू नका," सर म्हणाले. "हो की नाही?"

तिने प्रत पिशवीत परत ठेवली, पिशवीचे बंद ओढून घेतले आणि उभी राहिली.

"नाही सर. चौथं प्रकरण मी काढणार नाही. सही मिळाली नाही तरी."