चाड्यातला पत्रा

पाच वाजायला अजून तीन तास होते आणि वकील संघाच्या शिवराजचा चौथा फोन आला.

"ताई, पाचपर्यंत तेवढं फायनल करून टाका. उद्या सव्वादहाला रेफरन्स आहे. अध्यक्षसाहेबांना वाचून बघायला वेळ लागतो."

उच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश वारला की सगळे न्यायाधीश एका कोर्टात बसतात, गेलेल्या माणसाचा परिचय वाचला जातो, आणि तो कागद कायमचा दफ्तरात जातो. मेघाच्या बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते. वकील संघानं लिहिलेला त्यांचा परिचय तीनदा दुरुस्त होऊनही त्यांच्यासारखा दिसत नव्हता.

"यात अजून 'कैलासवासी' आहे," मेघा म्हणाली. "आम्ही कालकथित म्हणतो. सकाळीच सांगितलं होतं."

"सॉरी ताई. मागच्याच मजकुरात नाव बदलून करतात ना."

"आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, हे कुठून आलं? बाबांच्या गावाला, पाचोडला, तेव्हा रस्त्यावर दिवाच नव्हता. घरात कंदील होता."

"कंदील... कंदील पण चालेल, ताई."

"चालेल नाही, शिवराज. होता."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य बाबांचं होतं. अशी वाक्यं ऐकूनच तिची आई आयुष्यभर कातावली होती. ती 'शंभर वेळा सांगितलं' म्हणाली की न्यायमूर्ती कडुबा शांतपणे विचारायचे, "शंभर?"

कडुबा हे नाव त्यांनी कधी लपवलं नाही. आधीचे दोन मुलगे गेले, म्हणून हा तरी जगावा यासाठी ठेवलेलं कडू नाव. इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र, मग कायदा, मग मुंबईत बावीस वर्षं औषध कंपन्यांची पेटंटं. गोळीवरचा थर आधी कोणाला सुचला, यावर ते कोर्टात तीन-तीन दिवस बोलत. न्यायाधीश होऊन इथल्या खंडपीठावर आले, तर पुढची तेरा वर्षं गायरानं, शिक्षकांच्या मान्यता आणि धरणाखाली गेलेल्या जमिनींची अपिलं. पेटंटचं एकही प्रकरण समोर आलं नाही. कोणी हळहळलं की म्हणायचे, "वाद तोच असतो. हे आधी कोणाचं होतं?"

परिचयातला एकच परिच्छेद मेघानं स्वतः लिहिला होता आणि त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. मेघा ग्रंथपाल होती. वाक्य कुठं थांबवायचं ते तिला कळत होतं. बाबांच्या गारखेड्याच्या घरातल्या दिवाणखान्यात तिनं तो चंपाआत्याला वाचून दाखवला. आत्या बाबांची थोरली बहीण, अकरा दिवस इथंच मुक्कामाला होती.

"तिफणीनं पेरताना," मेघा वाचू लागली, "मागून चालणारी बाई लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, मूठमूठ बी सोडते आणि ते तीन नळ्यांतून जमिनीत पडतं. उताराच्या रानात एकाच नळीत जास्त बी जाई. पाचोडला पत्र्याचं काम करणाऱ्या कडुबांच्या वडिलांनी चाड्याच्या मधोमध पत्र्याचा सुळका बसवण्याची युक्ती काढली. बी सारखं पडू लागलं. एका व्यापाऱ्यानं ती उचलून आपल्या नावावर विकली. बारा वर्षांच्या कडुबांनी ते पाहिलं. पुढं ते पेटंटच्या कायद्याकडं वळले, त्याचं मूळ तिथं आहे."

आत्या लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"व्यापाऱ्यानं उचललं, ते खरंय. पन युक्ती आमच्या बापाची कोन म्हनलं?"

"सगळेच म्हणतात. आई सांगायची."

"तुझी माय दादरची. तिला काय म्हाईत तिफन? बापानं पत्रा कापला, व्हय. डोकं गावातल्या आवडाबाईचं. तिनंच येऊन सांगितलं, असा असा सुळका कर म्हनून. बी सोडायची ती. बापानं कवा चाड्यावर मूठ धरली?"

मेघाला बाबांचं आणखी एक वाक्य आठवलं, अशिलांना फेस आणणारं: हत्यार बनवणारा वेगळा, अक्कल लावणारा वेगळा, अर्जात नाव अक्कलवाल्याचं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, आत्या? आठ वर्षांपूर्वी बाबांच्या निरोप समारंभात मी स्टेजवरून सांगितलं हे. तू पहिल्या रांगेत होतीस."

"तू इतकं चांगलं सांगायलीस. लोक टाळ्या वाजवायलेत. मी काय मधीच उठून हे खोटं हाय म्हनू?"

त्या समारंभानंतर बाबा दोन दिवस गप्प होते. स्तुती आवडली नसेल, असं मेघानं धरलं होतं.

"आवडाबाई आहेत अजून?"

"गुडघे गेले. तोंड हाय."

आत्यानंच फोन लावून दिला.

"कडुबाची पोर व्हय?" पलीकडून आवाज आला. "बाई, मला यायचं हुतं गं. पाय उचलत नाय."

मेघानं चाड्याचं विचारलं, तशी आवडाबाई वैतागली. "आता किती डाव सांगू? तुझ्या बापाला समदं सांगितलंय की. कोर्टातून सुटला अन् आठ दिवसांत आला, वही घिऊन. कोन्या हातानं बी सोडायचीस, सुळका केवढा, आधी कोनाला बोललीस. लई सवाल! म्या म्हनलं, आरं लेकरा, पिंजऱ्यात उभी केलीस का मला? अंगठा बी घेतला वर."

"मला माहीत नव्हतं."

"म्हनला हुता, पोरीला सांगतो. सांगितलं नाय?"

"नाही," मेघा म्हणाली.

बाबांचं लोखंडी कपाट तिनं अकरा दिवस उघडलं नव्हतं. फाइल सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांच्या कपाटात काही सापडायला कधीच वेळ लागत नसे. 'आवडाबाई, पाचोड'. चार पानं. चाड्याची आकृती, प्रत्येक भागाला आकडा, अगदी पेटंटच्या अर्जात असते तशी. खाली निळा अंगठा. शेवटच्या पानावर करायच्या कामांची यादी. टंकलेखन: बरोबरची खूण. आवडाबाईंना वाचून दाखवणे: खूण. मेघाला सांगणे.

त्यापुढं खूण नव्हती. तीन तारखा होत्या, तिन्ही खोडलेल्या. तिसरी तिला आठवली. त्या रविवारी तिनं हीच गोष्ट आपल्या मुलीला, श्रेयाला, जेवताना रंगवून सांगितली होती, आणि बाबांनी दोनदा भाजी मागून घेतली होती.

मेघाला संताप आला. लग्नपत्रिकेतली तिथी, दूधवाल्याचा हिशेब, सरकारी वकिलाचं व्याकरण, कशालाही न सोडणारा माणूस. आईला शंभर म्हणू दिलं नाही. आणि तिच्यासमोर मात्र आठ वर्षं भाजी खात बसला.

तिनं डोळे पुसले, आत्याकडं पाठ करून, आणि शिवराजला फोन लावला.

"दुसरा परिच्छेद, मी लिहिलेला, बदला. घ्या लिहून. चाड्यात सुळका बसवण्याची युक्ती पाचोडच्या आवडाबाईंची होती. कडुबांच्या वडिलांनी पत्रा कापला. निवृत्तीनंतर कडुबांनी स्वतः पाचोडला जाऊन हे लिहून घेतलं. शेवटचं, पेटंटकडं वळल्याचं वाक्य काढून टाका."

"ताई, पण मग साहेब पेटंटकडं का वळले? ती लिंक फार छान होती. पब्लिकला टच होतं."

"का वळले ते मला माहीत नाही. त्यांना विचारायचं राहिलं. माहीत नाही ते लिहू नका."

थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. "वाचतो, ताई. 'अशिक्षित परंतु प्रतिभावान अशा आवडाबाई...'"

"शिवराज."

"हां, ताई."

"नुसतं आवडाबाई. आणि पहिल्यापासून वाचा. सावकाश."

आत्यानं लसणाची ताटली बाजूला सारली आणि तीही ऐकू लागली. "कालकथित न्यायमूर्ती कडुबा," शिवराजनं सुरुवात केली. कंदील आला. पाचला वीस मिनिटं होती. मेघा एकेक शब्द ऐकत होती आणि मांडीवरच्या फाइलीतल्या अंगठ्याच्या पानावर बोट ठेवून थांबली होती, तिथपर्यंत शिवराज पोचण्याची वाट बघत.