विषय क्रमांक एकोणीस

महापालिकेच्या सभेच्या दिवशी सकाळी गणपतरावांनी थोरल्या सुनेला बैठकीत बोलावलं आणि पक्षादेशाचा कागद तिच्या पुढ्यात ठेवला.

"वाचला ना? एकोणीस नंबरच्या विषयाले होकार द्यायचा. बाकी काही बोलायचं नाही."

"मामाजी, ते मैदान..."

"मैदान तुझं नाही. नगरसेवकपद बी तुझं नाही. पक्षाचं आहे."

उन्नतीनं कागद उचलला. नंदनवन प्रभागातली नगरसेवकाची जागा महिलांसाठी राखीव निघाली, तेव्हा तीस वर्षं पक्षासाठी झिजलेल्या सासऱ्यांनी तिचं नाव पुढे केलं होतं. वस्तीत तिला सगळे ओळखत. तिचे वडील माग बंद पडल्यावर कळमेश्वरच्या कारखान्यात लागले होते, आणि त्याच सुमारास क्रिकेट शिकवणाऱ्या धम्मदीप सरांनी वस्तीतल्या हातमाग मैदानावर मुलींची पहिली टीम काढली होती. लग्नाआधी अकरा वर्षं उन्नतीनं तिथे गोलंदाजी केली. विद्यापीठाकडून खेळली, क्लबकडून खेळली. त्यातून नोकरी लागली नाही, की पेपरात फोटो आला नाही. प्रचारात मात्र गल्लीतली पोरं तिच्या हातात चेंडू देत, आणि ती पदर खोचून टाकतही असे. निवडून आल्यावर लोकांचे फोन नवरा, जितेंद्र, उचलू लागला. अर्जांवर शेरे तोच लिहायचा, सही तेवढी तिची.

एकोणीस नंबरचा विषय होता हातमाग मैदानावर बाजार संकुल बांधण्याचा.

सभेला जायला दोघं गाडीत बसले. वाटेत जितेंद्रनं विचारलं, "काहून एवढी चूप आहे?"

"विचार करून राहिली."

"विचार नको करू वं. विरोधात गेली तर पद जाईल. बाबाचं नाक कापलं जाईल. आपल्याले त्याच घरात राहायचं आहे."

तो धमकावत नव्हता. सिग्नल हिरवा झाला तरी त्यानं गाडी पुढे घेतली नाही.

सभागृहात दोन्ही बाजूंचं बळ जवळजवळ सारखं होतं. त्यात तिच्या पक्षाचे दोघे आजारी. गटनेते गोपाळराव तिच्या बाकापाशी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, "ताई, चहा सांगू का?" दुसऱ्यांदा नुसतेच हसले. दुपारी तीनच्या सुमारास विषय आला. विरोधकांनी नावं पुकारून मत घ्यायची मागणी केली, आणि एकेक जण उभा राहू लागला.

तिचं नाव आलं.

"विरोधात," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही.

पहिल्या रांगेतून गोपाळराव अर्धवट वळले. "ऐकू आलं नाही. नीट विचार करून पुन्हा सांगा, ताई."

ही सवलत होती. अजून शब्द फिरवता येत होता. तिनं वर पाहिलं. प्रेक्षकांच्या सज्जात जितेंद्र कठडा धरून उभा होता आणि हळूहळू मान हलवत होता, नको, नको म्हणून. तिनं माईक जवळ ओढला.

"विरोधात."

उरलेली नावं पुकारून झाली. प्रस्ताव एका मतानं पडला.

त्या दिवसापासून गणपतरावांनी तिच्याशी बोलणं सोडलं. पेपरवाले दोन दिवस दाराशी आले, मग विसरले. धम्मदीप सर आले, चहा घेतला आणि खाली मान घालून म्हणाले, "पोरी, माझ्यामुळं तर नाही केलं ना हे?" ती नाही म्हणाली. त्यांना ते पटलं नाही. पक्षादेश मोडला म्हणून सात महिने सुनावणी चालली आणि तिचं सदस्यत्व गेलं. निकालाच्या संध्याकाळी जितेंद्रनं विचारलं, "त्या दिवशी तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. म्हणूनच तर पहिल्यांदा आवाज निघाला नाही."

"वरून दिसत नव्हतं," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्याजवळ बसून जेवला.

पोटनिवडणुकीत पक्षानं तिकीट त्याच घरात दिलं. यावेळी धाकटी सून, दुर्गेशची बायको करिष्मा. उन्नती तिच्यासाठी दारोदार फिरली. पोरांनी चेंडू दिला तेव्हा तिनं तो तसाच परत केला. करिष्मा निवडून आली.

तीन महिन्यांनी एका दुपारी करिष्मा स्वयंपाकघरात आली. हातात सभेची विषयपत्रिका होती. बाजार संकुल पुन्हा आलं होतं.

"ताई, मामाजी म्हणतात होकार द्यायचा. तुम्ही सांगा, मी काय करू?"

उन्नतीनं गॅस बारीक केला. एक शब्द बोलली असती तर पोरीनं ऐकलं असतं. पण त्या एका शब्दानं काय काय जातं, हे या घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "जाईल ते तुझं जाईल, माझं नाही. पण मत द्यायच्या आधी एकदा मैदानावर चाल माझ्यासंगं. पाच वाजता पोरी खेळायले येतात."

बैठकीतून गणपतरावांच्या खोकल्याचा आवाज आला. करिष्मानं तिकडे पाहिलं, मग कागदाची घडी पर्समध्ये टाकली.

"गाडी मी काढते," ती म्हणाली.